खंडेनवमीचा फोटो

तांदळाच्या डब्यावर ठेवलेला फोन थरथरला आणि पत्र्याचं झाकण घुर्रघुर्र वाजायला लागलं. दुपारचं घर गप्प पडलं होतं. नंदू शाळेतून आली ती दप्तर न काढताच चटईवर आडवी झाली होती आणि तिचे पाय ज्ञानेश्वरीच्या मांडीवर होते. पोरीला न हलवता फोनपर्यंत हात न्यायचा म्हणजे अर्धं अंग वाकडं करायचं. तसं करून तिनं फोन घेतला. पलीकडून वामनराव बोलत होते, तिचा नवरा इंद्रजीत ज्या सिक्युरिटी एजन्सीत होता तिथले साहेब.

"वहिनी, तुमचे मालक फोन उचलत नाहीत. तुम्हीच ऐका. ते स्टेटस काढायला सांगा आधी."

"कुठलं?"

"मुलगी बंदूक घेऊन बसलीय ते."

"ते कधीच गेलं की, साहेब. खंडेनवमीचं होतं."

"गेलं कसलं. कुणीतरी उतरवून घेतलं, पुढं पाठवलं, आता पोलीस ठाण्यात पोचलंय. चौकशीला घरी येतील. मी सांगतो तेवढंच सांगायचं, खेळण्यातली होती म्हणून. खरी म्हणालात तर परवाना गेला, परवाना गेला की ड्युटी गेली. मग मला फोन करून रडायचं नाही."

नंदूनं झोपेत पाय झाडला. ज्ञानेश्वरीनं तो हातात धरून ठेवला. वामनराव अजून काहीबाही सांगत होते. शेवटी "बरं" म्हणून तिनं फोन ठेवला, तो या खेपेला चटईवर.

लष्करातून सुटून इंद्रजीत साताऱ्याकडं गावी परतला तेव्हा तिथं त्याच्याजोगं काही नव्हतं. बारा बोअरची दुनळी आणि तिचा परवाना असलेल्या माणसाला मात्र बोईसरला काम होतं. एका सराफाच्या पेढीच्या दारात दिवसभर उभं राहायचं. संध्याकाळी पेढी बंद झाली की बंदूक खाकी खोळीत घालून, पाठीला बांधून, मोटारसायकलवर तो बेटेगावच्या दोन खोल्यांत घेऊन यायचा. शेठ ती ठेवून घेत नव्हता. परवाना ज्याचा, बंदूक त्याच्या ताब्यात.

आल्या आल्या ती बिजागरीत मोडून उघडायची आणि नळ्या रिकाम्या आहेत ते बघायचं. काडतुसांचा पट्टा माळ्यावर, बंदूक लोखंडी कपाटात आणि कपाटाची किल्ली करगोट्याला. हे सगळं तो इतक्या शिस्तीत करायचा की ज्ञानेश्वरीला बोलायला जागाच राहायची नाही. फक्त त्याच कपाटात तिच्या साड्या होत्या. कुणाच्या बारशाला जायचं म्हटलं तरी तिला नवऱ्याच्या कमरेकडं बघत उभं राहावं लागायचं. आणि साडी काढताना तो थंडगार लोखंडी दांडा मनगटाला लागला की हात आपोआप मागं यायचा.

निवडणूक लागली की शस्त्रं ठाण्यात जमा करायचा हुकूम निघायचा. मागच्या निवडणुकीत इंद्रजीत पेढीच्या दारात काठी घेऊन उभा होता, आणि येणारं-जाणारं गिऱ्हाईक त्याला म्हशी कुठं सोडल्या म्हणून विचारायचं. तो घरी येऊन चिडचिड करायचा. ज्ञानेश्वरी मात्र त्या दिवसांत कपाट सताड उघडं टाकायची, साड्या भुईवर काढून पुन्हा घड्या घालायची. निकाल आणखी लांबला तर बरं, असं तिला वाटायचं. कोण निवडून येतंय याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

दसऱ्याला सासूबाई गावाहून आल्या. सोजराबाईंचं म्हणणं, नवमीची पूजा घरातल्या मोठ्या माणसानं मांडायची असते, तुमच्या भरवशावर देव उपाशी राहतील. त्यांनी पाटावर विळी ठेवली, कोयता ठेवला, इंद्रजीतचा पाना-पकड ठेवला, आणि मधोमध ती दुनळी. दस्त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नळ्यांना झेंडूची माळ घातली.

"नंदे, पाया पड. हा देव हाय."

नंदूनं डोकं टेकलं. सहा वर्षांची पोर, नव्या परकरात, कपाळाला कुंकू.

"आता मांडीवर घे त्याला. इंद्रा, दे लेकराच्या हातात. आपल्यात नवमीला पोरांच्या हातात हत्यार देत्यात, भ्या मोडतं."

एरवी बंदुकीजवळ कुणाची सावली पडू न देणारा इंद्रजीत त्या दिवशी वेगळाच माणूस होता. त्यानं बंदूक मोडून आईला आणि बायकोला दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं दाखवलं, आणि मग ती लेकीच्या मांडीवर आडवी ठेवली. त्याच्या लेखी ती त्या दिवशी बंदूक नव्हतीच. पूजेतल्या वस्तूला कसला आलाय कायदा.

फोटो ज्ञानेश्वरीनं काढला. पाटामागची कचरापेटी दिसू नये म्हणून दोनदा बाजूला सरकून काढला. नंदू फार गोड दिसत होती, हे खोटं नव्हतं. इंद्रजीतनं तो स्टेटसला ठेवला, खाली लिहिलं, "आमची रणरागिणी." गावाकडच्या सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली.

संध्याकाळी तिनं वामनरावांचा निरोप सांगितला तेव्हा इंद्रजीत बूट काढत होता. एक बूट पायात तसाच राहिला.

"कुणी पाठवला असेल?"

"ते शोधून काय करणार?"

"माझं रेकॉर्ड बघ म्हणावं. इतकी वर्षं शस्त्र वापरलं, एक बोट दाखवायला जागा दिली नाही."

"ते कोण विचारतंय? मुलीच्या हातात का दिली, एवढंच विचारणार आहेत."

"परवाना घेताना लिहून दिलंय मी," तो हळू म्हणाला. "लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवीन म्हणून." मग दुसरा बूट काढून त्यानं दोन्ही भिंतीला नीट लावून ठेवले. "वामनराव म्हणतात तेच बरोबर आहे. खेळण्यातली."

सोजराबाई लसूण सोलत होत्या. "देवाला खेळनं म्हनायचं आता. बरं हाय."

"आई, तू बोलू नकोस. तुझ्यामुळंच झालंय."

"माज्यामुळं. फोटु बी मीच काढला आन् जगाला बी मीच दावला. मला तर त्यो फोन लावता बी येत न्हाई."

ज्ञानेश्वरीला हसू आलं. ते लपवायला ती भाताकडं बघायला गेली.

सुट्टीच्या दिवशी इंद्रजीत नंदूला पुढं बसवून केळव्याला गेला. मुंबईची माणसं येतात म्हणून समुद्रावर खेळण्यांच्या गाड्या लागतात, तिथं त्याला हवी तशी लांब बंदूक मिळाली. दुपारी दोघं परत आली तेव्हा नंदूच्या केसांत वाळू होती आणि ती नुसती उधळली होती. चाप ओढला की बंदूक ट्याँ ट्याँ करायची आणि नळीच्या तोंडात लाल दिवा लागायचा.

"आई, बघ, आतमध्ये बघ ना. डोळा लाव. कसा लाल लाल दिसतो."

ज्ञानेश्वरीनं डोळा लावून बघितलं आणि "छान आहे गं" म्हणाली. केस धुवायचं काम वाढलं होतं, तिचं लक्ष वाळूत होतं.

खेळणं हिरवं-नारिंगी होतं. फोटोतली बंदूक काळी होती. इंद्रजीतनं बुटाच्या पॉलिशची डबी उघडली आणि उन्हात बसून ते खेळणं ब्रशनं काळं केलं. इतकं मन लावून, की जणू परेडला जायचं आहे. बोटभर जागा सोडली नाही. मग दस्त्यावर कुंकू लावलं. सोजराबाईंनी ते बघितलं आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या.

त्यानंतर शिकवणी सुरू झाली.

"पोलीसताई आल्या तर काय सांगायचं? फोटोतली बंदूक कसली?"

"देवाची."

"नाही. खेळण्यातली."

"पण ती कपाटातली होती ना?"

"कपाटातली पण खेळण्यातलीच. म्हण."

"कपाटातली पण खेळण्यातली."

"कपाट म्हणायचं नाही."

नंदूनं आजीकडं बघितलं, मग आईकडं. आई वेणी घालत होती. तिनं केसांचा पेड ओढला, तसं नंदूचं डोकं पुन्हा पुढं वळलं. "खेळण्यातली," ती म्हणाली. इंद्रजीतनं तिला क्रीमचं बिस्कीट दिलं. दोन दिवसांत पोर इतकी तरबेज झाली की कुणी नुसतं बंदूक म्हणायचा अवकाश, ही "खेळण्यातली" म्हणून हात पुढं करायची.

ज्ञानेश्वरीला ते खटकत होतं, पण काय खटकतंय हे नीट धरता येत नव्हतं. भांडी, डबे, शाळेची वेळ, सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल, या सगळ्यातून एखादा विचार शेवटाला न्यायचा तर कुठं बसून न्यायचा? खोटं बोलायला शिकवतोय, हे होतंच. पण तेवढंच नव्हतं. पूजा झाल्यापासून नंदू कपाटासमोरून जाताना हात जोडायची. आता जोडत नव्हती.

ठाण्यातून फोन आला, उद्या सकाळी हवालदार बाई येतील, घरीच थांबा. इंद्रजीतनं पेढीवर उशिरा येतो म्हणून कळवलं. सकाळी परवाना काढायला कपाट उघडलं, कागद टेबलावर ठेवले, आणि बाई येण्याआधी अंघोळ उरकावी म्हणून गडबडीनं मोरीत गेला. किल्ली कुलपातच राहिली. एवढ्या वर्षांत तो पहिल्यांदा चुकला असेल.

सोजराबाई दारात उन्हाला बसल्या होत्या. ज्ञानेश्वरी पोह्यांना फोडणी देत होती. मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. नंदूचा आवाज येत नव्हता. लहान मूल असलेल्या घरात अशा शांततेची भीती वाटते, ती तिला वाटली आणि तिनं गॅस बारीक करून आत डोकावलं.

कपाटाचं दार उघडं होतं. बंदूक खोळीतून अर्धी बाहेर काढलेली, दस्ता साड्यांच्या घड्यांवर टेकलेला, नळ्या बाहेर. आणि नंदू गुडघ्यांवर उभी राहून एका नळीच्या तोंडाला डोळा लावून बघत होती. एक डोळा गच्च मिटलेला. डावा हात दस्त्याजवळच्या चापाकडं पुरवायला बघत होती, पण तिचा हात तेवढा लांब नव्हता.

"आई," ती न वळताच म्हणाली, "हिचा दिवा कुठून लागतो?"

ज्ञानेश्वरी ओरडली नाही. ओरडलं तर पोर दचकेल, दचकली तर हात कुठं लागेल, एवढं तिच्या डोक्यात कसं आलं कुणास ठाऊक. काल रात्री त्यानं मोडून बघितली होती का? बघितलीच असणार, रोज बघतो. पण तिनं स्वतः ते बघितलं होतं का? ती तेव्हा काय करत होती? तिला काही केल्या आठवेना. ती तीन-चार पावलांत तिथं पोचली, नंदूच्या कपाळावर तळवा ठेवला आणि तिचं डोकं हळूच बाजूला केलं, जसा ताप बघावा तसं. मग तिला उचलून घेऊन ती भिंतीपाशी खाली बसली.

"पोहे करपतायत," बाहेरून सोजराबाई म्हणाल्या.

इंद्रजीत टॉवेल गुंडाळून बाहेर आला तो दारातच थांबला. मग जाऊन त्यानं बंदूक उचलली, मोडली, नळ्या तिच्या दिशेनं धरल्या.

"मोकळी आहे. बघ. मोकळीच होती."

"मला माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं ना."

"तुम्ही मोरीत होता."

"अगं, मोकळी म्हणजे मोकळी. लोखंडाचा पाइप आहे तो नुसता."

"तिनं नळीला डोळा लावला होता, अहो. दिवा बघायला." तिचा आवाज चढला नाही, उलट बसलाच. "आधी देव म्हणून निदान लांबून नमस्कार करत होती."

त्यानं बंदूक बंद करून कपाटात ठेवली. सोजराबाई आत आल्या होत्या. त्यांनी सुनेच्या मांडीवरच्या नातीकडं बघितलं, उघड्या कपाटाकडं बघितलं, आणि गॅस बंद करायला गेल्या. पुन्हा बाहेर आल्या तेव्हा त्यांनी नंदूचा चेहरा पदरानं पुसला. डोळ्याभोवती काही लागलं नव्हतं, तरी पुसला.

भावना हवालदार आल्या तेव्हा घरात करपल्याचा वास होता. मूळच्या एडवणच्या, मध्यम वयाच्या, चप्पल दारात काढून आत आल्या आणि आधी पाणी मागितलं. नंदू पलंगावर बसून त्यांच्या टोपीकडं बघत होती.

"हीच का ती?" त्या म्हणाल्या. "फोटोत मोठी दिसते."

इंद्रजीतनं परवाना पुढं ठेवला. मग कोपऱ्यातून ते काळं खेळणं आणलं. "मॅडम, हे खेळणं होतं फोटोत. लोकांचा गैरसमज झाला."

भावनाबाईंनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं, चाप ओढला. ट्याँ ट्याँ झालं. त्यांनी खेळणं खाली ठेवलं आणि आपली बोटं बघितली. काळी झाली होती. त्यांनी ती रुमालाला पुसली. रुमालाची घडी काळा भाग आत जाईल अशी घातली.

"हे बघा भाऊ," त्या म्हणाल्या, "एकवीस वर्षांच्या आतल्याच्या हातात द्यायची नाय, हे तुमाला मी काय सांगू. तुमी फौजी माणूस. आमच्याकडं नारळीपुनवेला होडीची पूजा करतात, पोरं आत बसवतात, फोटो काढतात. मला कुणी तक्रार देत नाय. तुमची आली. आली म्हणजे मला लिवायला लागतं. खेळण्यातली लिवलं तं आजच्याला मिटलं. खरी लिवलं तं बंदूक मी जमा करून घेणार, वर कळवणार, पुढं परवान्याचं काय ते साहेब बघतील." मग त्या ज्ञानेश्वरीकडं वळल्या. "फोटो कुणी काढला?"

"मी."

"मंग तुमीच सांगा ताई. खेळण्यातली ना?"

त्यांनी असं विचारलं की "हो" म्हणणं फार सोपं झालं होतं. पलंगावरून नंदूनं ओळखीचा शब्द ऐकला आणि बिस्किटासाठी हात पुढं केला.

इंद्रजीत बायकोकडं बघत होता. त्याचे ओले केस विंचरायचे राहिले होते आणि त्यामुळं तो एकदम गावाकडचा पोरसवदा दिसत होता, लग्नाच्या वेळी होता तसा. ज्ञानेश्वरीला त्याची दया आली. स्वतःची पण आली. घरभाडं, शाळा, गावाकडं पाठवायचं ते, हे सगळं तिला त्याच्याइतकंच पाठ होतं. तिला कुणाला शहाणपण शिकवायचं नव्हतं. तिला फक्त पोरीचा तो पुढं आलेला हात बघवत नव्हता.

"खरी होती," ती म्हणाली.

इंद्रजीतनं पुढं ठेवलेला परवाना नुसता सरळ केला.

"पूजेला काढली होती. मोकळी होती. पण खरी होती, ताई. हे खेळणं आम्ही नंतर आणलं."

भावनाबाईंनी टोपणासकट पेन गालाला टेकवलं. "बघा हां. मी एकदाच लिवते."

"लिहा."

सोजराबाई म्हणाल्या, "लिवा बाय. आन् पोरीच्या हातात मी द्यायला लावली, ते बी लिवा. माज्या पोराला एकट्याला नका धरू."

"आजी, तुमचं नाव लिवून काय करू? परवाना यांचा हाय."

इंद्रजीतनं माळ्यावरून पट्टा काढला. बंदूक पुन्हा मोडून बघितली, बंद केली, खोळीत घातली, नाडी बांधली. नाडीची गाठ त्याला दोनदा घालावी लागली. ज्ञानेश्वरीनं त्याचा शर्ट आणून दिला. त्यानं तो घेतला, तिच्याकडं न बघता घातला.

दारात भावनाबाई चप्पल घालेपर्यंत तो थांबला. "मला आधी सांगितलं असतंस तर."

"आधी मलाच माहीत नव्हतं."

"वामनराव काय म्हणतील ते तू ऐक आता." मग म्हणाला, "जमा करून तसाच पेढीवर जातो. काठी घेऊन उभं राहू देतो का विचारतो शेठला. निवडणुकीला दिलं होतं." आणि जाता जाता, सवयीनं, "नंदूला शाळेत सोड. उशीर झालाय."

मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या तोंडाशी जाऊन हायवेच्या आवाजात मिसळला. सोजराबाईंनी कढईत पाणी ओतून ठेवलं आणि दुसरे पोहे भिजवायला घेतले. ज्ञानेश्वरी नंदूला मोज्यात पाय घालायला लावत पलंगापाशी खाली बसली. पोरीच्या बोटांना काळं लागलेलं होतं, ते साबणानं निघालं नव्हतं.

"आई, पोलीसताई देवाला घेऊन गेल्या?"

"तो देव नव्हता, बाळा."

"खेळणं होतं."

"खेळणं पण नव्हतं. आम्ही तुला चुकीचं सांगितलं. ती बंदूक होती. तिला हात नाही लावायचा. डोळा तर कधीच नाही. ती माणसाला मारते."

नंदूनं पाय मागं घेतला. मोजा अर्धाच घातलेला होता.

"पप्पा कुणाला मारतात?"

"कुणाला नाही. ती दिसली की चोर घाबरतात, पेढीत येत नाहीत. म्हणून पप्पा ती घेऊन उभे राहतात."

"आणि आता काठी घेऊन?"

"हो. आता काठी."

ज्ञानेश्वरीनं दुसरा मोजा उलटा करून सरळ केला आणि पुढं धरला. नंदूनं पाय दिला नाही. ती उघड्या दारातून, वडील गेले त्या बाजूला बघत होती.

"आई, चोर काठीला घाबरतो?"